वीजबिलाचा अंदाज: माणसं तीन

दि. ६ फेब्रुवारी

ती. आईंना,
सा. न. वि. वि.

पत्र लिहायला बसले आणि बघते तर पाकीट आधीच बंद. इथल्या दमट हवेत पाकिटांचा डिंक आपणहून चिकटतो. सुरीने उकलून त्यातच पत्र घालतेय, तेव्हा पाकीट फाटकं दिसलं तर टपालखात्यावर संशय घेऊ नका. फोनवर बोलणं होतं आपलं, पण भिंगरी मध्येच फोन ओढते, हे मागून सूचना देतात आणि तुम्ही परदेशात ऐकू जावं म्हणून खिडकीकडे तोंड करून ओरडता. म्हणून हिशेबाचं बोलणं पत्रातच बरं.

मुख्य बातमी ही की घर मिळालं. दोन खोल्या, बैठक, स्वयंपाकघर आणि मागे कपडे वाळत घालायला एक चिंचोळी गॅलरी. घरमालकीण खालीच राहते. ती शिवणकाम करते, त्यामुळे दिवसभर जिन्यात मशीनचा आवाज असतो. एरवी शांत आहे.

भाडं मी कामाला आहे ती कवळ्यांची प्रयोगशाळा भरणार. वीज, पाणी, गॅस आणि इंटरनेट यांचं मात्र निराळं आहे. महिन्याला अंदाजे किती लागेल ते मी मार्चअखेर लिहून द्यायचं आणि तेवढी रक्कम वर्षभर पगारासोबत मिळणार. मध्ये वाढवून मिळत नाही. कमी लिहिलं तर वरचा खर्च आपल्या खिशातून, आणि तो खिसा किती खोल आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. जास्त लिहिलं तर आमचा हिशेबनीस लाल पेन घेऊन बसलेलाच असतो. यांना इथल्या शाळेत चित्रकला शिकवायचं काम मिळालंय, भिंगरीचा प्रवेशही त्याच शाळेत झालाय. सगळं जुळून आलंय. आता हा एक आकडा चुकला तर दोघांना इथे आणणं झेपायचं नाही आणि मला उरलेली दीड वर्षं एकटीने काढावी लागतील. ते मला नको आहे. तुम्ही मी निघतानाच सांगून टाकलंत की हे घर सोडून मी कुठेही येणार नाही, म्हणून प्रयोगशाळेला दिलेल्या अर्जावर माणसं तीन लिहिली आहेत.

घरमालकिणीला विचारलं की महिन्याचं बिल साधारण किती येतं, तर तिने मलाच उलट प्रश्न विचारले. घरात किती वेळ असता, कपडे मशीनमध्ये वाळवता की दोरीवर, झोपताना पांघरूण घेता की नाही. आपल्याकडे बिल उन्हाळ्यात चढतं आणि मग उतरतं. इथे उन्हाळा बारा महिने मुक्कामालाच आहे, तेव्हा आपल्या घरच्या मागच्या बिलांवरून काही काढावं अशी सोय नाही.

तेव्हा आपल्या माणसांच्या सवयी मला सविस्तर कळवा. मी विसरले असं नाही, पण बायकोच्या आणि आईच्या डोळ्यांना जे दिसत नाही ते सासूच्या डोळ्यांना दिसतं. खालची कवळी टोचत असेल तर तेही कळवा, उगाच सहन करत बसू नका.

भिंगरीला पापा. तुमचा लोभ वाढावा, बिल वाढू नये.

आपली,
सून


दि. २० फेब्रुवारी

चि. सौ. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

तुझं फाटकं पाकीट पोचलं. टपालखात्यावर संशय घेऊ नका हे तुझं वाक्य मी पोस्टमनला चार शब्द सुनावून झाल्यावर वाचलं. आता उद्या त्याला बोलावून चहा पाजावा लागेल.

घर मिळालं हे वाचून जीव भांड्यात पडला. तू सवयी विचारल्यास म्हणून आठवडाभर मी दोघांच्या पाळतीवर होते. त्याने काही चांगलं केलं की तो माझा मुलगा आणि दिवे चालू ठेवले की तुझा नवरा, ही आपली वाटणी जुनीच आहे. तर तुझा नवरा चित्र रंगवायला बसला की कागद उडतात म्हणून पंखा बंद करतो. उठून बाहेर जाताना रंग वाळावा म्हणून पंखा लावून जातो. म्हणजे माणूस असताना पंखा बंद आणि नसताना चालू. याचा हिशेब कसा धरायचा ते तुझं तू बघ.

भिंगरी फ्रिज उघडून नुसती समोर उभी राहते. काय हवंय विचारलं तर म्हणते, काही नको, बघतेय. उन्हातून आली की डोकंच आत घालते. तुमच्याकडे बारा महिने ऊन म्हणजे पोरगी फ्रिजमध्येच बिऱ्हाड करील, तेव्हा फ्रिजचा खर्च सढळ हाताने धर. आंघोळ दोघंही थंड पाण्याने करतात, त्यामुळे गरम पाण्याचा खर्च धरायलाच नको. या घरात कढत पाण्याची बादली लागते ती मला एकटीला, भर मे महिन्यातसुद्धा, आणि त्यावरून तू लग्न होऊन आल्यापासून मला हसत आली आहेस.

माझं ऐकशील तर तिघांनी एकाच खोलीत झोपा, म्हणजे एसी एकच लागेल. दुसरी खोली पाहुण्यांना राहू दे. आणि आपल्या घरची रीत तिथेही सोडू नकोस. घरातून शेवटी जो बाहेर पडेल त्याने मेन स्विच बंद करायचा. माझी इस्त्री एकदा चालू राहिली आणि अर्धं टेबल कोळसा झालं, ते टेबल तू पाहिलं आहेस.

बसल्या बसल्या मी माझाही अंदाज करून पाहिला. ही दोघं गेल्यावर मला एकटीला लागतं काय? एक पंखा, एक दिवा, रेडिओ आणि सकाळची बादली. बिल इतकं कमी येईल की मीटर बिघडला की काय म्हणून वीज कंपनीचा माणूस बघायला येईल. तेवढीच सोबत.

कवळी उत्तम आहे. शेजारीण विचारते, या वयात इतके सरळ दात कुठून आले. मी सांगते, सुनेने दिले.

जेवणाची आबाळ करू नकोस. माझ्या लोभाला मीटर नाही, हवा तेवढा वापर.

तुझी,
सासू


दि. ८ मार्च

ती. आईंना,
सा. न. वि. वि.

मेन स्विचची रीत मी सोडली नव्हती, आणि तिथेच घात झाला. काय घडलं ते सांगते, पण आधी बसून घ्या.

नव्या घरात आल्यापासून रोज सकाळी कुलूप लावायच्या आधी मी मेन स्विच खाली ओढत होते. विचार करून नाही, हातच तिकडे जातो. फ्रिजमध्ये होतंच काय, दोन टोमॅटो आणि पाण्याची बाटली, म्हणून त्याच्याखाली तळं साचलं तरी पुसून टाकलं. मग कपाटातल्या चपलांवर हिरवी लव उगवली. डबीतल्या मिठाचं पाणी झालं. एका आजोबांच्या कवळीचा मेणाचा नमुना उरलेलं काम करायला घरी आणला होता. सकाळी टेबलावर ठेवून गेले आणि संध्याकाळी येऊन पाहते तर आजोबांचे पुढचे दात हनुवटीपर्यंत उतरलेले. तो नमुना पुन्हा पहिल्यापासून करावा लागला.

बंद घर दिवसभर भट्टीसारखं तापायचं. संध्याकाळी एसी लावला की तो बिचारा झोपायची वेळ होईपर्यंत नुसत्या भिंतीच थंड करत बसायचा. तरी मी मनातून खूश, की दिवसभराची वीज वाचवली. पंधरा दिवसांनी घरमालकिणीने मीटर पाहिला आणि मला आकडा सांगितला. तिघांच्या अख्ख्या महिन्याला मी जेवढी वीज धरली होती तेवढी मी एकटीने पंधरवड्यात संपवली होती. मी तिथेच जिन्यात बसले. एकटीचं हे, तर आणखी दोन माणसांचं काय, हेच डोक्यात घोळत राहिलं. खोटं कशाला सांगू, रडूही आलं. अर्जावर माणसं एक असं लिहून मोकळं व्हावं इतकं मन खचलं.

घरमालकिणीने विचारलं, तू दिवसभर करतेस तरी काय विजेचं. मी म्हटलं, काहीच नाही, सकाळी मेन स्विच बंद करून जाते. तिने तोंडातल्या टाचण्या काढून टेबलावर ठेवल्या आणि मग पोटभर हसली. ही अक्कल कोणी शिकवली म्हणाली. मी मोठ्या अभिमानाने सांगितलं, सासूबाईंनी. मग तिने समजावलं की इथे घर थंड करण्यापेक्षा कोरडं ठेवण्याचा खर्च धरायचा असतो. ओल ओढणारं एक छोटं यंत्र मिळतं, ते खिडक्या लावून दिवसभर मंद चालू ठेवायचं, म्हणजे संध्याकाळी एसीला फारसं काम उरत नाही. तसं करून आठवडा झाला. मीटर ताळ्यावर आला आहे, मीठही पुन्हा मिठासारखं दिसतंय. तिचं सगळंच ऐकण्यासारखं आहे असंही नाही. ती स्वतः दुकानाचं दार उघडं टाकून एसी लावते, गिऱ्हाइकांना रस्त्यावरूनच गार वाटलं पाहिजे म्हणे.

तुमची रीत चुकीची नाही, आई. आपल्याकडे ती चालते, कारण आपल्या घरातून शेवटचं माणूस कधी बाहेर पडतच नाही. मी कामावर, हे शाळेत, भिंगरी शाळेत आणि तुम्ही घरात. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आपल्या दाराला कुलूप मी फार तर चार-दोनदा पाहिलं असेल. इथे घरातून निघणारी पहिली मीच आणि शेवटचीही मीच. हे लिहिता लिहिता आत्ताच लक्षात आलं.

असो. आकडा अजून पुरता जमलेला नाही, पण जमेल. आशीर्वाद असू द्या, ते चालू ठेवायला वीज लागत नाही.

आपली,
सून


दि. १७ मार्च

चि. सौ. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून हसावं की रडावं कळेना. शेवटी शेजारणीला वाचून दाखवलं आणि आम्ही दोघी हसलो. त्या आजोबांना माझा नमस्कार सांग आणि त्यांच्या दातांबद्दल माझ्या वतीने माफी माग. अगं, मेन स्विच लग्नाकार्याला, गावाला जाताना बंद करायचा. रोज उठून कामावर जाताना कोण करतं? तू पदवी घेतलीस, माणसांना दात देतेस, आणि सासूचं वाक्य मात्र शब्दशः पाळतेस. एरवी मी सांगितलेलं एवढं कधी ऐकलं होतंस?

रडलीस ते मला आवडलं नाही. माणसं एक असं लिहायचं पुन्हा मनात आणलंस तर तिथे येऊन कान पिळीन. येणार नाही म्हटलंय हे खरं, पण कान पिळण्यापुरती येईन. आकडा थोडा कमी पडला तर घाबरू नकोस. इथे माझ्या एकटीचा खर्च तो काय असणार, उरेल ते तिकडे पाठवत जाईन. भाजीवाली, शेजारीण, वाचनालय, सगळं चालत जाण्यासारखं आहे. माझं काही अडत नाही.

भिंगरीची तयारी जोरात आहे. रोज पेटी भरते आणि रोज उपसते. परवा तिने विचारलं की नव्या घरातल्या दुसऱ्या खोलीत कोण राहणार. मी म्हटलं, पाहुणे. तर म्हणाली, आजी पाहुणी असते का. मी तिला पाढे म्हणायला बसवलं.

तुझा नवरा आता पंखा बंद करून बाहेर जातो आणि चित्र ओलंच राहतं म्हणून कुरकुरतो. अर्धी लढाई जिंकले आहे. तब्येतीला जप. लोभ आहेच, त्याची आठवण करून द्यायला लावू नकोस.

तुझी,
सासू

(याच पाकिटात, वेगळ्या कागदावर)

प्रिय,

आईच्या नकळत ही चिठ्ठी पाकिटात सरकवतोय. तिचं काही अडत नाही असं तिने लिहिलं असेल, कारण हल्ली ती सगळ्यांना तेच सांगते. परवा संध्याकाळी भिंगरीला घेऊन घरी आलो तर घरभर अंधार. आई आतल्या खोलीत एकच दिवा लावून बसली होती, रेडिओसुद्धा बंद. काय झालं विचारलं तर म्हणाली, काही नाही, सवय करून बघतेय. मी चल म्हणायला तोंड उघडलं, तर विषय माझ्या पंख्यावर नेला आणि मला सळो की पळो करून सोडलं.

तू निघालीस तेव्हा आपण तिला एकदाच विचारलं होतं. ती नाही म्हणाली आणि आपण दोघं ते खरं धरून चाललो. माझं ती ऐकायची नाही. तुझं ऐकेल, तिचे दात तुझ्या हातात आहेत.

तुझा,
दिवे चालू ठेवणारा नवरा


दि. ३० मार्च

ती. आईंना,
सा. न. वि. वि.

अंदाज आज देऊन आले. काय काय धरलं ते तुम्हाला सांगायलाच हवं, कारण त्यात तुमचा हात आहे.

आम्हा तिघांना एक खोली आणि एक एसी, तुम्ही म्हणालात तसंच. ओल ओढणारं यंत्र दिवसभर. फ्रिज भिंगरीचं डोकं धरून. कपडे आठवड्यातून एकदा मशीनमध्ये वाळवायचे, बाकी गॅलरीत, सुकतील तेव्हा सुकतील. माणूस नसलेल्या बैठकीतला एक पंखा, चित्रांसाठी. दुसऱ्या खोलीला नुसता पंखा, कारण एसीने गुडघे धरतात. आणि रोज सकाळी एक बादली कढत पाण्यासाठी गीझर.

हिशेबनिसाने सगळा कागद शांतपणे वाचला आणि गीझरभोवती लाल वर्तुळ काढलं. म्हणाला, या गावात दुपारी नळ सोडला की हात भाजतो, इथे गीझर कशाला हवा? मी म्हटलं, आमच्या घरात एक माणूस आहे, त्यांचा दिवस कढत पाण्याशिवाय सुरू होत नाही. त्याने जुना अर्ज काढून दाखवला, की इथे तर माणसं तीनच आहेत आणि त्यातलं कोणीही गरम पाण्याने आंघोळ करत नाही असं तुम्हीच खाली लिहिलंय. मी त्याच्याच हातातलं लाल पेन घेतलं, तीन खोडलं आणि चार लिहिलं. त्याने बेरीज पुन्हा करून पाहिली. मग म्हणाला, दुसऱ्या खोडीला एसी नसल्यामुळे रक्कम बसते आहे, आणि सही केली. खोलीला म्हणायचं होतं त्याला, घाईत मी खोडी लिहिलं. राहू दे तसंच, तुम्हाला शोभतं.

गीझर तर मी आधीच घेऊन ठेवलाय. इथल्या दुकानात नव्हता, मागवावा लागला. बसवायला प्लंबर आला तेव्हा घरमालकीण शिवण टाकून वर बघायला आली. ज्या बाईने मेन स्विच शिकवला तिच्यासाठीच हा गीझर हे कळल्यावर तिने विचारलं की त्या कधी येणार, मला भेटायचंय त्यांना. मी म्हटलं, ते मी त्यांना पत्रात विचारते.

आता हसण्यावारी न नेता लिहिते. तुम्ही येणार नाही म्हणालात आणि मी ते लगेच मान्य केलं, कारण मान्य करणं सोपं होतं. दुसऱ्यांदा विचारायला हवं होतं. तुम्हाला घर राखायला बोलावत नाही, त्यासाठी पन्नास रुपयांचं कुलूप पुरतं. एकटीच्या घरी मी दोन महिने दार उघडलंय आणि आत कोणी नसलं की कसं वाटतं ते मला आता कळलंय. तुम्ही त्याची सवय करू नका. मला ती झालेली नाही आणि व्हायला नको आहे. दुसरी खोली पाहुण्यांची नाही. तिथे तुमचा पंखा आहे, तुमचा दिवा आहे, रेडिओसाठी खिडकीजवळ प्लग काढून घेतलाय.

तरीही नाही म्हणालात तर रोज सकाळी मी या गीझरकडे बघून काय करू ते तरी कळवा.

लोभ मागत नाही, या वेळी माणूसच मागते आहे.

आपली,
सून


दि. ११ एप्रिल

चि. सौ. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळून चार दिवस झाले. उत्तराला उशीर झाला कारण आधी दोन दिवस मी चिडले होते. माझ्या मुलाने चिठ्ठी लिहून माझी चहाडी केली हे मी ओळखलं. मी एकटेपणाची सवय करून बघतेय हे तुला दुसरं कोण सांगणार? त्याला विचारलं तर सरळ कबूल झाला, म्हणून या खेपेला त्याला तुझा नवरा न म्हणता माझा मुलगाच म्हणते आहे. मग एक दिवस मी तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. काल शेजारणीकडे गेले आणि रडून आले. ती म्हणाली, बरं झालं सुनेने विचारलं, नाहीतर तुला घेऊन जा असं पत्र तिला मलाच लिहावं लागलं असतं.

येणार नाही असं मी म्हणाले होते ते मानापोटी. वाटलं, तरुण माणसांचा संसार, परका देश, मोजकी रक्कम, त्यात म्हातारीचा खर्च कोण कुठे धरणार. दुसऱ्यांदा कोणी विचारलं नाही तेव्हा मी मनात म्हटलं, बघ, बरोबरच ओळखलंस. माझ्या बादलीसाठी तू त्या माणसाच्या हातातलं पेन घेतलंस हे वाचलं आणि माझा सगळा शहाणपणा संपला. आपल्याला कोणी हिशेबात धरलंय हे या वयात कळणं फार मोठी गोष्ट आहे बाई.

तेव्हा येते. मात्र माझ्या काही अटी आहेत. गीझर मी सांगेन तेवढाच वेळ लावायचा, उगाच माझ्या नावावर बिल फुगवायचं नाही. माझ्या आंघोळीला हसायचा हक्क तुला पूर्वीसारखाच राहील, घरमालकिणीला मात्र तो नाही. तिचं दुकानाचं दार मी आल्या आल्या बंद करून दाखवणार आहे, एसी लावून दार उघडं ठेवणारी बाई मला हसते म्हणजे काय? आणि त्या आजोबांची कवळी नीट बसली का, ते मी स्वतः विचारीन.

भिंगरीने माझी पेटी भरून दिली. त्यात तिने माझी शाल घातली आहे. तिथे शाल कशाला म्हटलं, तर म्हणाली, फ्रिज उघडला की थंडी वाजते ना.

चंबुगबाळं आवरणं चालू आहे. वाचनालयाची पुस्तकं परत केली, कुंड्या शेजारणीकडे दिल्या, पोस्टमनला पुन्हा एकदा चहा पाजला. निघायच्या दिवसाचं मात्र मी सगळ्यांना सांगून ठेवलंय. मुलाने आणि भिंगरीने सामान घेऊन पुढे व्हायचं आणि खाली गाडीपाशी थांबायचं. या घरातून शेवटची मी निघणार आहे. इतकी वर्षं दुसऱ्यांना शिकवलं, आता मेन स्विच मी माझ्या हाताने बंद करीन.

बाकीचा लोभ समक्ष.

तुझी,
आई